लंडनचा प्रॉम्स महोत्सव : आठ पौंडांत, उभ्याने

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मी आणि माझी धाकटी जाऊ अशा दोघी लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवाला जाऊन आलो. परदेशातला संगीत महोत्सव ऐकण्याची आम्हा दोघींचीही ही पहिलीच वेळ. परत आल्यापासून आमच्या कोल्हापुरातल्या देवल क्लब या जुन्या गायनसंस्थेतल्या मंडळींपासून कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्यापर्यंत प्रत्येकाने एकच विचारले, की एवढा पैसा घालून जाण्यासारखे तिथे काही आहे का. तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी निसटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. विमानाचा आणि व्हिसाचा खर्च वेगळा काढला, तर इतक्या थोड्या पैशांत, इतक्या जवळून, इतक्या तोलामोलाचे वादन मी आजवर कुठेही ऐकलेले नाही. पण ते ऐकायचे तर दोन-अडीच तास उभे राहण्याची तयारी हवी, आणि आपल्या बैठकीच्या काही सवयी दाराबाहेर चपलांसारख्या काढून ठेवण्याचीही.

प्रॉम्स हे 'प्रॉमनेड कॉन्सर्ट्स' या नावाचे घरगुती रूप. प्रॉमनेड म्हणजे फेरफटका. फिरत, उभ्याउभ्या ऐकायची मैफल असा त्याचा मूळ अर्थ. पहिली मैफल १० ऑगस्ट १८९५ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये झाली. रॉबर्ट न्यूमन हे त्या सभागृहाचे व्यवस्थापक आणि हेन्री वुड हे अवघ्या सव्वीस वर्षांचे वाद्यवृंद-संचालक, या दोघांनी ती सुरू केली. उभ्याचे तिकीट होते एक शिलिंग. श्रोत्यांना खाण्यापिण्याची आणि धूम्रपानाचीही मुभा होती. सामान्य माणसाला आधी त्याच्या आवडीचे, सोपे असे ऐकवावे आणि मग हळूहळू त्याचा कान तयार करत न्यावा, हा न्यूमन यांचा विचार. १९२७ पासून बीबीसीने हा महोत्सव हाती घेतला आणि आजही तीच तो चालवते. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, आठ आठवडे, लंडनच्याच रॉयल अल्बर्ट हॉल या सभागृहात जवळजवळ रोज एक मैफल असते. आम्ही गेलो त्या वर्षी १८ जुलै ते १३ सप्टेंबर असा हंगाम होता.

या सुरुवातीच्या इतिहासातली एक गोष्ट मला विशेष भावली. न्यूमन यांच्याकडे कल्पना होती, पण भांडवल नव्हते. ते दिले जॉर्ज कॅथकार्ट नावाच्या एका घशाच्या डॉक्टरांनी, आणि देताना अट घातली, की वाद्यवृंदाची पट्टी खाली आणली पाहिजे. त्या काळी इंग्लंडमध्ये वाद्ये युरोपातल्यापेक्षा चढ्या पट्टीत लावली जात आणि त्यामुळे गाणाऱ्यांचे गळे ताणले जातात, असे या डॉक्टरांचे म्हणणे होते. याच १८९५ साली अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी दरबारगायक म्हणून कोल्हापुरात आले. त्याआधी एका संस्थानात असताना अतिगायनाने त्यांचा आवाज बसला होता, आणि परत आलेला आवाज पूर्वीचा नव्हता; त्या बदललेल्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांनी घडवली, तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून गाजली. एकाच साली एका गावात गळा जपण्याच्या अटीवर महोत्सव उभा राहिला आणि दुसऱ्या गावात गळा गमावून बसलेल्या गवयाला आसरा मिळाला, हे कळल्यावर मला त्या परक्या महोत्सवाबद्दल उगाचच आपलेपणा वाटू लागला. उगाचच, हे मी मान्य करते.

आता तिकिटाकडे येते, कारण या महोत्सवाची खरी थोरवी तिकिटात आहे. खुर्चीची तिकिटे आधीपासून आरक्षित करता येतात आणि त्यांचे दर जागेप्रमाणे चढत जातात. उभ्याची सुमारे हजार तिकिटे मात्र मुख्यतः ज्या त्या दिवसासाठी राखून ठेवलेली असतात. ती त्याच दिवशी सकाळी संकेतस्थळावर विक्रीला खुली होतात आणि आमच्या वर्षी त्यांचा दर आठ पौंड होता, म्हणजे आपले साडेनऊशे रुपये किंवा त्याच्या आसपास. उभ्याच्या जागा दोन. एक अगदी वर, घुमटाखालची गोल गॅलरी; आणि दुसरी अगदी खाली, रंगमंचाला लागून असलेला मधला मोकळा भाग, त्याला अरीना म्हणतात. सर्वांत स्वस्त तिकीट घेणारा माणूस सर्वांत पुढे, वादकांपासून चार-पाच हातांवर उभा, आणि त्याच्या दसपट पैसे मोजणारा त्याच्या पाठीमागे खुर्चीत, अशी ही उलटी व्यवस्था आहे. आपल्याकडच्या महोत्सवांत पुढच्या सोफ्यांवर प्रायोजकांचे पाहुणे बसलेले असतात, त्यातले निम्मे पहिल्या मध्यंतरात उठून जातात आणि ज्याला रागाचे नाव ऐकल्याबरोबर अंगावर काटा येतो तो मागे भारतीय बैठकीत मान उंचावून बघत असतो. हे चित्र ज्यांनी आयुष्यभर पाहिले आहे, त्यांना अरीनातली ही रीत पाहून काय वाटेल ते मी वेगळे सांगायला नको.

आम्ही तीन मैफली ऐकल्या : एक खुर्चीवर, एक गॅलरीत आणि एक अरीनात. खुर्चीचे तिकीट लंडनच्या हाउन्स्लो भागात राहणाऱ्या माझ्या भाच्याने मे महिन्यातच काढून ठेवले होते, त्याचे माणशी चाळीस पौंडांच्या घरात पडले. तिन्हींचा मिळून एका माणसाचा खर्च छप्पन पौंड, सात हजार रुपयांच्या आत. खरे तर चार ऐकायच्या होत्या. पहिल्या सकाळी मी मोठ्या आत्मविश्वासाने स्वतःच्या फोनवर तिकीट काढायला बसले आणि बँकेचा ओटीपी भारतातल्या सिमवर गेला, जे सिम मी विमानतळावरच काढून पाकिटात ठेवले होते. ते शोधून, घालून, रोमिंग चालू होईपर्यंत मुदत संपली. पुन्हा प्रयत्न केला तोवर त्या दिवशीची उभ्याची तिकिटे संपलेली होती. दोष माझाच. जाणाऱ्याने परदेशात चालणारे कार्ड आणि ओटीपी येणारे सिम यांची सांगड घरूनच घालून निघावे.

व्हिसाबद्दल थोडक्यात. ब्रिटनचा सहा महिन्यांचा पर्यटक व्हिसा लागतो, त्याचे शुल्क त्या वेळी १२७ पौंड होते. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि बोटांचे ठसे व फोटो देण्यासाठी पुण्याच्या किंवा मुंबईच्या केंद्रावर स्वतः जायचे. आमच्या ओळखीच्या एका एजंटाने "संगीत महोत्सवाचं लिहू नका, कलाकार समजतील, नुसतं नातेवाइकांना भेटायला असं टाका," असा सल्ला दिला होता. आम्ही तो मानला नाही. भाच्याचे निमंत्रणपत्र, माझ्या पेन्शनचे कागद, जावेच्या दुकानाची विवरणपत्रे आणि काढलेल्या तिकिटाची प्रत असे सगळे खरेखुरे जोडले, आणि दोघींचेही पासपोर्ट शिक्के होऊन परत आले. जे करायला जातो आहोत ते लिहायला भ्यायचे कशाला?

हाउन्स्लोहून पिकॅडिली लाइनच्या भुयारी गाडीने साउथ केन्सिंग्टन स्थानकापर्यंत थेट जाता येते. गाडी बदलावी लागत नाही, ही आमच्यासारख्यांना मोठीच सोय. तिथून संग्रहालयांच्या रस्त्याने दहा-पंधरा मिनिटे चालले, की अल्बर्ट हॉलची लाल विटांची ती प्रचंड गोल इमारत समोर येते. गोल म्हणजे नीट पाहिले तर लंबगोल. लांबी ८३ मीटर, रुंदी ७२ मीटर. बाहेरून वर, घुमटाखाली, कला आणि विज्ञानाच्या विजयाची भाजक्या मातीची चित्रपट्टी सगळीकडून फिरवली आहे. रस्त्यापलीकडे व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याचे सोनेरी स्मारक आहे आणि त्याच्या एका कोपऱ्यात आशिया खंड म्हणून हत्तीवर बसलेली बाई कोरलेली आहे. जावेने तिथेच थांबून हत्तीचा फोटो काढला; अल्बर्टचा नाही.

आत पाऊल टाकल्याबरोबर मात्र मी चटकन म्हणाले, "अगं, हे तर खासबाग!" आणि ती काही नुसती गंमत नव्हती. मधोमध मोकळी जागा आणि भोवती एकावर एक चढत गेलेल्या प्रेक्षकांच्या रांगा, हा आराखडा ज्या रोमन रंगभूमीवरून घेतला, त्याच रोमची रिंगणे पाहून शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ साली खासबाग हे कुस्तीचे मैदान बांधले. महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते आणि त्याच दौऱ्यात त्यांनी रोम पाहिले. आणि हाच एडवर्ड युवराज असताना, २९ मार्च १८७१ रोजी, आई व्हिक्टोरिया राणी गहिवरून बोलू न शकल्यामुळे, हा हॉल खुला झाल्याची घोषणा करायला उभा राहिला होता. अरीना या शब्दाचाही मूळ लॅटिन अर्थ वाळू. रोमन लोक रिंगणात वाळू पसरत, आपण लाल माती पसरतो. ज्या जागी आपल्याकडे पैलवान शड्डू ठोकतात त्याच जागी तिथे श्रोते उभे राहतात, हे एकदा डोक्यात बसले की ते सभागृह परके वाटत नाही. या इमारतीत कुस्तीही झालेली आहे. जपानची सुमो स्पर्धा १९९१ साली इथेच भरली होती.

बसण्याच्या जागांचा एक मासला सांगण्यासारखा आहे. बांधकामाला पैसा हवा म्हणून त्या काळी शंभर पौंडांना एक अशा खुर्च्या ९९९ वर्षांच्या कराराने विकल्या गेल्या, आणि आजही पाच हजारांहून अधिक जागांपैकी हजारावर जागा अशा खाजगी मालकीच्या आहेत. नऊशे नव्व्याण्णव वर्षांची खुर्ची! आपल्याकडे पाच वर्षांची सोडवत नाही.

आवाजाबद्दल मात्र स्पष्टच लिहायला हवे, कारण संगीताचा महोत्सव शेवटी कानांनीच जोखायचा असतो. हा हॉल बांधला तेव्हापासून त्याच्या प्रतिध्वनीचे विनोद केले जात. ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायला मिळण्याची खात्री असलेली ही एकमेव जागा, असा तो जुना विनोद. १९६९ साली घुमटाखाली मोठमोठ्या उलट्या थाळ्यांसारखे फायबरग्लासचे गोलक टांगले. तिथले लोक त्यांना मशरूम म्हणतात. त्यांनी प्रतिध्वनी बराच आटोक्यात आला. खाली अरीनात उभे राहिले, की आवाज थेट वाद्यांतून अंगावर येतो. डबल बास या भल्यामोठ्या तंतुवाद्याचा खर्ज चपलांच्या तळव्यांतून वर चढतो, असे म्हटले तर कुणाला अतिशयोक्ती वाटेल, पण तसेच होते. गॅलरीत सगळे वादन एकजीव होऊन, थोडे उशिराने आल्यासारखे, दुरून दऱ्याखोऱ्यांतून आल्यासारखे ऐकू येते. सुंदर, पण दूरस्थ. पहिल्या मैफलीला आम्ही गॅलरीत होतो आणि पियानोचे हळुवार तुकडे मला वाऱ्याच्या झुळकीसारखे येत-जात राहिले. एवढ्या मोठ्या जागेत एकट्या वाद्याने कुजबुजावे आणि पाच हजार माणसांनी ऐकावे, ही अपेक्षाच मला मुळात थोडी अवाजवी वाटते. ज्याने देवल क्लबच्या जुन्या बैठकीत तंबोऱ्यांना खेटून बसून ऐकले आहे, त्याने गॅलरीचा मोह धरू नये. गॅलरीचा फायदा एवढाच, की भिंतीला टेकून जमिनीवर बसता येते. काही लोक तर चक्क उशी घेऊन आडवे पडून ऐकत होते.

हे सगळे ध्वनिवर्धकाशिवाय, हे लक्षात घ्या. ऐंशी-नव्वद माणसांचा वाद्यवृंद कुठलीही कृत्रिम मदत न घेता सभागृह भरून टाकतो. आपल्याकडे तीनशे माणसांच्या सभागृहातही तबल्याला दोन माइक, गायकाला एक, तंबोऱ्याला एक आणि वर मॉनिटरवरून वाद. पहिला अर्धा तास "आवाज थोडा वाढवा" आणि "कमी करा" यात जातो. त्या हॉलमध्ये रेडिओच्या प्रक्षेपणासाठी वरून बारीक माइक सोडलेले होते, कारण प्रॉम्सची प्रत्येक मैफल बीबीसी रेडिओ ३ वर थेट प्रक्षेपित होते, पण सभागृहातल्या श्रोत्यांचा त्या माइकशी काही संबंध नव्हता. माझा मात्र आला, तो असा.

अरीनातली संध्याकाळ महलर या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या पाचव्या सिंफनीची, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनेची होती. दुपारपासून दक्षिणेकडच्या पायऱ्यांवर रांग लागते. तिकीट हातात असले, तरी पुढची जागा रांगेतल्या क्रमाने मिळते, म्हणून आम्ही चारलाच जाऊन बसलो. बरोबर घरून नेलेला भडंगाचा पुडा होता. शेजारी एक सत्तरीचे इंग्रज गृहस्थ घडीच्या स्टुलावर बसून शब्दकोडे सोडवत होते. पन्नासेक वर्षे येतो आहे, असे म्हणाले. त्यांना भडंग दिले. त्यांनी दोन दाणे खाल्ले, डोळे पुसले, आणि अत्यंत सभ्यपणे "इंटरेस्टिंग" म्हणाले. मी मात्र लसणीच्या तिखटासकट अर्धा पुडा संपवला, आणि तीच चूक झाली.

ही सिंफनी एकट्या ट्रम्पेटने उघडते. इतर सगळे स्तब्ध, आणि एक माणूस कणखर, कोरड्या सुरात काहीतरी दुःखद पुकारतो. पुकारून संपते न संपते तोच अख्खा वाद्यवृंद कोसळतो. आम्ही तिसऱ्या ओळीत होतो. ट्रम्पेटवाल्याने फुंकण्यापूर्वी घेतलेला श्वास दिसला, त्याचे खांदे वर गेलेले दिसले. पाच खंड, सत्तर मिनिटे. पहिल्या तीन खंडांत मी स्वतःला पूर्ण विसरले होते. चौथ्या खंडात फक्त तंतुवाद्ये आणि हार्प; बाकी सगळे वाद्ये मांडीवर ठेवून बसतात. आपल्याकडे विलंबित ख्यालात गवई एका सुरावर थांबतो आणि पुढचा सूर लावण्याआधी आपणच तो मनात लावून बसतो, तसा हा खंड आहे. पुढचा सूर येणार हे ठाऊक असते, तो येत नाही, येत नाही, आणि आल्यावर मन भरून येते. नेमक्या त्या जागी माझ्या घशात भडंगातली लसूण जागी झाली.

खोकला येणे आणि तो दाबणे यांतले ते दीड-दोन मिनिटांचे युद्ध मी जन्मात विसरणार नाही. डोक्यावर थेट माइक, भोवती हजार माणसे श्वास रोखून, आणि हाउन्स्लोला भाचा रेडिओ लावून बसलेला. पर्समध्ये लवंग होती, पण पर्सची चेन ओढली असती तर त्या शांततेत ती करवतीसारखी वाजली असती. माझी अवस्था त्या शब्दकोडेवाल्या गृहस्थांनी पाहिली. त्यांनी खिशातून एक चपटी पत्र्याची डबी काढली, बोटाने झाकण अलगद सरकवले आणि माझ्यापुढे धरली. आत खोकल्याच्या गोळ्या होत्या, कागद आधीच काढून ठेवलेल्या. पन्नास वर्षे मैफली ऐकणाऱ्या माणसाला कागदाचा चुरचुराटही घरी सोडून यायचे कळते, हे मी त्या डबीत पाहिले. मला या महोत्सवातल्या श्रोत्यांबद्दल काय वाटते ते विचाराल, तर मी ती डबी सांगेन.

श्रोत्यांच्या इतर रीती गमतीच्या आहेत. पियानोचे झाकण वर उचलताना अरीनातले जुने लोक "हीव्ह" असे ओरडतात आणि वरून गॅलरीवाले "हो" अशी साथ देतात. म्हणजे आपल्याकडे रथ ओढताना घालतात तशी आरोळी. वाद्ये जुळवण्यासाठी पियानोवर एक स्वर वाजवला, की त्या एका स्वराला टाळ्या पडतात. ही थट्टा आहे, हे कळायला आम्हाला एक मैफल लागली. जाऊ पहिल्यांदा भाबडेपणाने म्हणाली, "एवढं आवडलं व्हय त्यांना?" मध्यंतराच्या सुमारास अरीनातले लोक एका सुरात ओरडून संगीतविषयक धर्मादाय कामांसाठी किती पैसे जमले ते गॅलरीला सांगतात आणि दाराशी बादल्या घेऊन उभे राहतात. वादन सुरू झाले, की मात्र टाचणी पडलेली ऐकू येईल अशी शांतता. दाद द्यायची ती शेवटी, आणि मग पाय आपटून, ओरडून, दहा-दहा मिनिटे.

ही गोष्ट मला आधी जड गेली. आपल्याकडे जागेवर गेलेली तान, समेवर आलेला तुकडा, यांना तिथल्या तिथे "वा" मिळाली नाही, तर गवयालाच वाटते की श्रोते झोपले. तिथे सत्तर मिनिटे ती 'वा' तोंडात धरून ठेवायची. चौथा खंड संपला तेव्हा जावेच्या तोंडून "आई गं" निघालेच, पण अगदी हळू. मी घाबरून आजूबाजूला पाहिले. गोळीवाले गृहस्थ समोर पाहतच किंचित हसले. रात्री भाच्याला विचारले. खोकला ऐकू आला नाही म्हणाला. "आई गं"चे त्याने काही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

आमची खुर्चीवरची संध्याकाळ मी मुद्दामच थोडक्यात आटोपते. जागा वरच्या वर्तुळात होती, खुर्ची मऊ होती, दिसत व्यवस्थित होते, आणि पाचपट पैसे देऊन पाचव्या हिश्शाचा आनंद मिळाला. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांना, लहान मुलांबरोबर येणाऱ्यांना ती ठीक आहे.

रंगमंचाच्या मागे, मोठ्या ऑर्गनसमोर, एक ब्राँझचा अर्धपुतळा ठेवलेला असतो. ऑर्गन स्वतःच पाहण्यासारखा, ९,९९९ नळ्यांचा. पण माझी नजर दर वेळी त्या पुतळ्याकडे जाई. तो हेन्री वुड यांचा. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून खाक झाला, तेव्हा त्या ढिगाऱ्यातून हा पुतळा बाहेर काढला. महोत्सव त्याच वर्षी अल्बर्ट हॉलमध्ये सुरू झाला, आणि दर हंगामात तो पुतळा इथे आणून बसवतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायकनट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचे आपले कोल्हापुरातले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी १९१५ साली उभे केलेले ते थिएटर, त्याला लागून खासबाग. त्या रात्री आम्ही दोघी खासबागेच्या बाजूने धावत गेलो होतो. ज्वाळा वर गेलेल्या, आणि गर्दीत कुणीतरी म्हातारा कलाकार लहान मुलासारखा रडत होता. लंडनमध्ये तो पुतळा पाहताना ते सगळे आठवले. जावेने विचारले, "ताई, आपल्या तिथनं काय काय निघालं असंल हो?" मला उत्तर देता आले नाही.

काही व्यावहारिक गोष्टी. मैफल बहुधा साडेसातला सुरू होते आणि ऑगस्टमध्ये त्या वेळी बाहेर स्वच्छ ऊन असते. मध्यंतरात बाहेर डोकावले तेव्हा कुठे कातरवेळ. दारांना १ ते १२ असे क्रमांक आहेत आणि तिकिटावर आपले दार लिहिलेले असते. दार चुकले, तर त्या लंबगोलाला वळसा घालताना दम लागतो. पिशव्या तपासतात, म्हणून मोठी पिशवी नेऊ नये. मध्यंतरात तिथली मंडळी छोट्या डब्यांतले आइस्क्रीम खातात. बाहेर संग्रहालयांच्या रस्त्यावरच्या एका उपाहारगृहात आम्ही दोघींनी दोन सँडविच आणि चहा घेतला. त्याचे बिल अरीनाच्या दोन तिकिटांपेक्षा जास्त झाले आणि चहा कोमट होता. पुढे आम्ही भाच्याकडून दशम्या बांधून नेऊ लागलो. मैफल पावणेदहा-दहापर्यंत संपते, परतीच्या गाड्या भरपूर असतात, आणि दोघी बायका रात्री साडेअकराला घरी पोचलो तरी एकदाही भीती वाटली नाही.

पादत्राणांबद्दल विशेष सांगते. जावेने पहिल्या दिवशी हौसेने नवी कोल्हापुरी चप्पल घातली होती. तिचा करकर आवाज त्या शांततेत असा येऊ लागला, की तिने पहिल्या दहा मिनिटांतच चपला काढून उरलेली मैफल अनवाणी ऐकली. मऊ तळव्याचे, मुरलेले बूट न्यावेत. अरीनात सुरू असताना मध्येच बसायला जागा नसते. पण एक पाऊल पुढे, एक मागे करत, अंगाचा भार बदलत राहिले की जमते. महलरची सिंफनी संपल्यावर जावेला विचारले, पाय दुखले का. ती म्हणाली, "मी तर मधीच उठून जाणार म्हणूनच आलोवतो बघा, ताई. कधी संपलं कळलंच नाही." तिला पाश्चात्त्य संगीताचा ओ की ठो माहीत नव्हता आणि तिने ते लपवलेही नाही.

ज्याला शब्दच ऐकायचे असतात, ज्याला गाण्याचा अर्थ आधी समजावून सांगितल्याशिवाय रस घेता येत नाही, त्याने मात्र विचार करावा. रंगमंचावरून निवेदन जवळजवळ नसते. निवेदक रेडिओच्या श्रोत्यांशी बोलतो. विकत मिळणारी कार्यक्रमपत्रिका अभ्यासपूर्ण आहे, पण ती वाचायला संध्याकाळ पुरत नाही. मी जाण्याआधी दोन महिने ती सिंफनी रोज थोडी थोडी ऐकली होती, म्हणून मला खंडांची ओळख पटत गेली. तेवढी तयारी प्रत्येकाने करावी, असा माझा आग्रह राहील.

एक मैफल हुकल्याची हळहळ अजून आहे. आम्ही पोचण्याच्या आधीच्या आठवड्यात, ८ ऑगस्टला, रात्री ११ ते सकाळी ७ अशी रात्रभराची मैफल तिथे झाली होती. अशी रात्र प्रॉम्समध्ये १९८३ नंतर प्रथमच ठेवली होती. आपल्याकडे रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करावे लागतात, त्यामुळे मालकंस आणि दरबारी आता संध्याकाळीच उरकून घेतात आणि पहाटेचा ललत तर खास परवानगी काढल्याशिवाय कानावर पडत नाही. रात्र जागवून पहाटेपर्यंत ऐकण्याची चैन आता लंडनला जाऊन करावी लागणार, असे दिसते.

पुढच्या हंगामाला ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी : कार्यक्रम साधारण एप्रिलअखेर जाहीर होतो आणि खुर्च्यांची विक्री मे महिन्यात सुरू होते. व्हिसाला वेळ लागू शकतो, म्हणून प्रवासाला तीन महिने उरले, की लगेच अर्ज करावा (त्याआधी करता येत नाही), आणि तीन-चार मैफली हव्यात तर किमान दहा दिवस हाताशी ठेवावेत. शेवटच्या रात्रीच्या, म्हणजे झेंडे फडकावून गाणी म्हणण्याच्या मैफलीच्या मागे नवख्याने लागू नये. तिची तिकिटे मिळवण्याचे नियमच वेगळे आहेत आणि संगीत म्हणून मला तिचे फारसे आकर्षण नाही. जावेने आत्ताच मला बजावून ठेवले आहे, की पुढच्या वेळी तिन्ही मैफली अरीनातच, आणि भडंग मध्यंतरानंतर.